मिशीचं तेल नेमकं करतं काय?

शिवाजीनगरला हवामान खात्याची जुनी दगडी इमारत आहे. 1928 साली खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून तिथला चौक आजही शिमला ऑफिस चौक. मिशीच्या तेलाची गोष्ट इथून सुरू करण्याला कारण आहे. हवेतली आर्द्रता मोजायला जगभरच्या वेधशाळांनी पिढ्यान् पिढ्या जे उपकरण वापरलं, त्यात माणसाचा केस ताणून बसवलेला असे. जिनिव्हाच्या ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी 1783 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. हवा दमट झाली की केस लांबतो, कोरडी झाली की आखडतो. अगदी कोरड्या हवेपासून 100 टक्के आर्द्रतेपर्यंत हा फरक जेमतेम 2 ते 2.5 टक्के, पण तरफेने तो काट्यापर्यंत पोचवला की आकडा वाचता येतो. यात एक मेख आहे. केस आधी सोड्याच्या पाण्यात उकळून त्याचं तेल काढावं लागे. तेलकट केस हवेला नीट दाद देत नाही.

मिशीला तेल लावणारा माणूस बरोबर याच्या उलट काम करत असतो. आपल्या मिशीने हवेला दाद देऊ नये, एवढंच त्याला हवं असतं.

केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. या प्रथिनाच्या साखळ्या मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांनी एकमेकींना धरून असतात. गंधकाचे डायसल्फाइड बंध पक्के. ते पाण्याने सुटत नाहीत. हायड्रोजन बंध मात्र लेचेपेचे. पाणी आत शिरलं की ते सुटतात, वाळलं की पुन्हा जुळतात, आणि त्या वेळी केस ज्या आकारात असेल त्याच आकारात जुळतात. पूर्ण भिजलेल्या केसाची लांबी फारशी वाढत नाही, जाडी मात्र 15 टक्क्यांच्या आसपास वाढते. केसाच्या बाहेरच्या अंगाला क्यूटिकलचे खवले कौलांसारखे एकावर एक रचलेले असतात. आतला गाभा फुगला की खवल्यांच्या कडा उचलल्या जातात. अशा स्थितीत टॉवेलने खसाखसा पुसलं, की खवले तुटतात. मग केस राठ लागतो, शेजारच्या केसात अडकतो, टोकाला दुभंगतो.

आता मिशीची जागा बघा. डोक्याचे केस आठवड्यातून दोन-तीनदा भिजतात. मिशी रोज किती वेळा भिजते याला गणती नाही: तोंड धुणं, चूळ भरणं, आमटीचा भुरका, अमृततुल्यमधला चहा. शिवाय ती नाकाच्या थेट खाली. उच्छ्वासाची हवा उबदार आणि बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते, आणि ती दिवसरात्र मिशीवरून वाहत असते. त्यात पुण्याचं हवामान. एप्रिलच्या दुपारी पारा 40 अंशांकडे सरकतो आणि हवा कोरडीठाक होते. जुलैत दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत नाहीत. शरीरावरच्या दुसऱ्या कुठल्या केसांच्या वाट्याला फुगण्या-आखडण्याचे इतके फेरे येत असतील असं मला वाटत नाही.

निसर्गाने थोडी सोय केलेली आहे. केसाच्या पृष्ठभागावर एका मेदाम्लाचा अतिशय पातळ थर रासायनिक बंधाने चिकटलेला असतो, पाणी झटकून टाकणारा. वर तैलग्रंथींतून येणारं सीबम. ब्लीच आणि काही केसरंग हा पातळ थर उडवतात, आणि एकदा गेला की त्या केसावर तो परत येत नाही. साबण सीबम धुऊन नेतो. साबण अल्कधर्मी असल्यामुळे केस जास्त फुगतो, ते वेगळंच. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या उपनगरांतल्या सोसायट्यांमध्ये आणखी एक भानगड आहे. बेसाल्टच्या भेगांमधून आलेलं हे पाणी बहुधा जड असतं. त्यातल्या कॅल्शियमशी साबणाची गाठ पडली की न विरघळणारा साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. आंघोळ करूनही मिशी चरचरीत लागते, ती यामुळे. तिथे साबणाऐवजी सौम्य शाम्पू वापरावा.

मग तेल कुठलं? या प्रश्नावर बाजारात वाटेल ते सांगणारे भेटतात, पण एका तेलाच्या बाजूने खरोखर पुरावा आहे. 2003 मध्ये आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना-विंचरताना केसांतून किती प्रथिन निघून जातं, हे त्यांनी मोजलं. खोबरेलाने ही गळती ठळकपणे कमी केली. बाकी दोघांनी नाही. संशोधक मॅरिको या कंपनीतले, म्हणजे खोबरेल विकणाऱ्यांकडचेच, हे लक्षात ठेवलेलं बरं. तरी कारणमीमांसा पटण्यासारखी आहे. खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याची साखळी 12 कार्बनची, आखूड आणि सरळ. तिला केराटिनशी लगट करता येते आणि केसाच्या आत शिरता येतं. सूर्यफुलाच्या तेलातली साखळी लांब आणि दुहेरी बंधांपाशी वाकलेली, म्हणून ती शिरायला अडते. खनिज तेलाला प्रथिनाशी देणंघेणं नाही. ते वर बसून चकाकी देतं, इतकंच. खोबरेल आत जाऊन बसलं की पाण्याला शिरायला तेवढी जागा कमी.

यातून क्रमही ठरतो: आधी तेल, मग पाणी. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगाला आपण हेच करतो. रात्री झोपताना दोन थेंब मिशीत मुळापासून टोकाकडे चोळावेत आणि सकाळी खुशाल तोंड धुवावं. याहून जास्त तेल लावून काही साधत नाही; ते ओठांवर उतरतं आणि पोह्यांना खोबरेलाचा वास येतो. थंडीत बाटली गोठते म्हणून तेल भेसळीचं समजू नये. खोबरेल सुमारे 24 अंशांखाली थिजतंच, आणि पुण्यातली डिसेंबरची सकाळ त्याच्या बरीच खाली असते. बाटली कोमट पाण्यात ठेवली की झालं.

जवसाचं तेल मात्र मिशीपासून लांब ठेवा. चित्रकार ते रंगात घालतात, कारण हवेतला ऑक्सिजन घेऊन ते हळूहळू घट्ट पापुद्र्यासारखं होतं. कॅनव्हासवर ते शोभतं.

सलूनमध्ये खुर्चीत बसलं की हमखास सल्ला मिळतो, “साहेब, एरंडेल लावा, मिशी दाट होते.” एरंडेलाने मिशी दाट होते याला भरवशाचा पुरावा नाही. मिशी किती दाट यायची हे ठरवतात केस जिथून उगवतात ते त्वचेतले केशकूप, डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक आणि आईवडिलांकडून आलेली जनुकं. त्वचेबाहेर दिसणारा केस मृत असतो, त्याला पोसता येत नाही. पण सल्ला अगदीच टाकाऊ नाही. एरंडेलात सुमारे 90 टक्के रिसिनोलेइक आम्ल असतं. त्यावरच्या हायड्रॉक्सिल गटामुळे रेणू एकमेकांना धरून ठेवतात, आणि तेल नेहमीच्या खाद्यतेलांपेक्षा साधारण दहापट दाट होतं. त्यामुळे केस एकमेकांना चिकटून राहतात आणि मिशी भरीव दिसते. दिसते, होत नाही. खोबरेलात थोडं मिसळून लावलं तर बरं. नुसतं लावलं तर दिवसभर धूळ गोळा करतं.

पीळ द्यायचा असेल तर तेल पुरत नाही. ओलसर मिशी बोटांनी वळवून तशीच वाळू दिली, तर हायड्रोजन बंध नव्या आकारात जुळतात आणि आकडे उभे राहतात. जुलैत घराबाहेर पडलं की तासाभरात ते खाली येतात. म्हणून वरून मेण. मधमाश्यांचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, त्यामुळे उन्हाळ्यातही टिकतं. मात्र नुसतं मेण बोटांनी पसरत नाही, त्यात तेल घालावं लागतं, आणि तेल घातलं की ते कमी तापमानाला मऊ पडतं. उन्हाळ्यात मेण जास्त, थंडीत तेल जास्त, असा हिशेब ठेवायचा. गरम चहाच्या वाफेपुढे मात्र दोन्ही मिश्रणं नांगी टाकतात. व्हिक्टोरियन काळातल्या इंग्रज कुंभारांनी यावर आतल्या बाजूला मिशी टेकवायची पट्टी असलेला कपच काढला होता. अमृततुल्यच्या काचेच्या ग्लासात अशी सोय नाही. चहा बशीत ओतून निववणारे आजोबा या बाबतीत सुरक्षित.

एक इशारा तेवढा गांभीर्याने घ्यावा. मिशीखालची कातडी लालसर होऊन पिवळट कोंडा पडत असेल, विशेषतः नाकपुड्यांच्या कडेनेही तसंच दिसत असेल, तर तो कोरडेपणा समजून तेल वाढवू नका. मॅलासेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, प्रत्येकाच्याच त्वचेवर असते. तिच्या बहुतेक प्रजातींना स्वतःची मेदाम्लं बनवता येत नाहीत, म्हणून त्या आपल्या तेलावर जगतात. प्रयोगशाळेत ती वाढवायची असेल तर ऑलिव्ह तेल घालतात. अशा मिशीला रोज तेल चोळणं म्हणजे त्या यीस्टला आयतं जेवण वाढणं. त्वचारोगतज्ज्ञ बहुधा कीटोकोनाझोलसारखं बुरशीविरोधी औषध देतात. कोंडा जाईपर्यंत तेलाची बाटली फडताळातच राहू द्या.