इतिहास चुकला की कादंबरी फसली?

आवडत्या लेखकाची नवी ऐतिहासिक कादंबरी आली म्हणून मी चक्क दोन दिवस रजा टाकली. विषय पानिपतानंतरचं पुणं. 40व्या पानावर शनिवारवाड्यातली दासी काडी ओढून समई लावते आणि मी तिथेच अडखळलो. साल 1761. ओढून पेटवायची काडी इंग्लंडातसुद्धा विकायला आली ती 1827 मध्ये. पेन्सिलीनं फुली मारली, मित्राला फोन करून सांगितलं, "पुस्तक गेलं."

खरं तर काडीनं पुस्तक जात नाही. 'चकमक झाडून' लिहिलं की काम झालं, पुढच्या आवृत्तीत एका ओळीची दुरुस्ती. हा इतिहासाचा दोष. एका पात्राच्या तोंडी 'पानिपतची तिसरी लढाई' आहे, ते मला जास्त खटकलं. ज्याचा भाऊ तिथे पडला तो लढायांना नंबर देत बसेल होय?

कादंबरी फसते ती मात्र सगळं बरोबर असतानाही. यात एक कारकून दुसऱ्याला सांगतो, "आपणास विदितच आहे, भाऊसाहेब पतदूरहून निघाले ते 14 मार्च 1760 रोजी." तारीख बिनचूक. (पेशव्यांचा कारकून इंग्रजी तारीख बोलतो, ही पुन्हा काडीच्या जातीची चूक, ती सोडा.) पण विदितच आहे तर सांगतोस कशाला, बाबा? तो समोरच्याशी बोलतच नाहीये, मला टिपणं वाचून दाखवतोय. याउलट पानिपतची खबर देणारं ते सावकारी पत्र आठवा. दोन मोती गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या, खुर्द्याची गणती नाही. भाऊसाहेबांचं नाव नाही, विश्वासरावांचं नाही, तरी वाचताना पोटात गोळा येतो.

आणि पार्वतीबाई! भाऊसाहेबांच्या पत्नी पानिपताहून जिवंत परतल्या. नवरा गेला हे त्यांनी मानलंच नाही, कुंकू पुसलं नाही. पुढे 'मीच भाऊ' म्हणत एक तोतया उठला, 1776 मध्ये त्याला देहदंड झाला. इतकं सांगून इतिहास थांबतो. तोतयाची बातमी कानावर आली त्या रात्री ही बाई झोपली असेल का? कादंबरीकारानं इथे शिरायचं. आमच्या लेखकानं ते दोन पानांत उरकलंय, त्यातलं दीड पान तोतयाच्या फौजेचं. याच माणसानं पूर्वी एक म्हातारी ट्रंक उघडते एवढ्यावर अकरा पानं लिहिली होती, आणि ती मी गर्दीच्या एसटीत उभ्यानं वाचली होती.

पुस्तक मिटण्याआधी फुल्या मोजल्या. सात निघाल्या. पार्वतीबाईंच्या त्या दोन पानांवर एकही नाही.