गेम संथ की हात उशिरा? स्लोडाउन आणि इनपुट लॅग

गोळ्या चुकवण्याचे आर्केड शूटर घरच्या कन्सोलवर नव्याने खेळणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: ‘गेम लॅग मारतोय.’ म्हणजे नेमकं काय होतंय, असं विचारलं की काही जण सांगतात, बॉसने (स्टेजच्या शेवटच्या मोठ्या शत्रूने) गोळ्यांचा सडा टाकला की सगळं संथ होतं. बाकीचे सांगतात, स्टिक ढकलली तरी विमान वेळेवर हलत नाही. दोन्हींना एकच नाव पडल्यामुळे लोक नको ते दुरुस्त करत बसतात, म्हणून आधी फरक समजून घेऊ.

बॉससमोर सगळं संथ होतं ते स्लोडाउन. हे गेम सेकंदाला साधारण 60 पावलं चालतात, म्हणजे एका पावलाला, अर्थात एका फ्रेमला, सुमारे 16.7 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात प्रत्येक गोळीची जागा काढायची, टक्कर झाली का ते तपासायचं आणि चित्रही रंगवायचं. शेकडो गोळ्या आल्या की आर्केड बोर्डाला, म्हणजे मूळ आर्केड यंत्रातल्या सर्किटला, हे काम वेळेत उरकत नाही. तो पाऊल गाळत नाही, फक्त त्याच पावलाला जास्त वेळ घेतो. त्यामुळे गेमचा काळच ताणला जातो. गोळ्या, शत्रू आणि तुमचं विमान सारख्याच प्रमाणात मंदावतात, संगीत मात्र सहसा आपल्या चालीने वाजत राहतं.

यंत्राची मर्यादा खेळाचा भाग होण्याची ही रीत जुनी आहे. 1978 च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये 55 परग्रहवासी एकेक करून सरकवावे लागत. जितके कमी उरत तितकी रांग वेगाने अंगावर येई. तोमोहिरो निशिकादो यांनी हा परिणाम काढून टाकला नाही, तसाच ठेवला आणि खेळाला चढता ताण मिळाला. गोळ्यांच्या शूटरमध्ये हेच उलट्या दिशेने घडतं. केव्ह या जपानी कंपनीचं 1997 चं ‘दोदोनपाची’ किंवा 2004 चं ‘मुशिहिमेसामा’ घ्या. पूर्ण वेगात गोळ्यांची जी जाळी पार करणं जवळजवळ अशक्य वाटेल, तिच्यात शिरताच बोर्ड धापा टाकू लागतो आणि दोन गोळ्यांमधली फट डोळ्यांना सापडते. ही जाळी त्याच बोर्डावर चालवून, पाहून ठरवलेली आहे. म्हणून स्लोडाउनला बिघाड म्हणणं मला पटत नाही. तो त्या रचनेतला श्वास आहे.

घरच्या कन्सोलवर अडचण होते ती इथेच. नवं यंत्र जुन्या बोर्डापेक्षा कितीतरी ताकदवान असतं, सगळं काम 16.7 मिलिसेकंदांच्या आत संपवतं आणि स्लोडाउन आपोआप नाहीसा होतो. चांगला पोर्ट (गेमची दुसऱ्या यंत्रावर आणलेली आवृत्ती) करणारे मूळ बोर्ड कुठे किती थांबतो ते मोजून तेवढी थांबण्याची वेळ मुद्दाम परत घालतात. ती घातली नाही तर पोर्ट दिसायला गुळगुळीत, पण खेळायला मूळापेक्षा कठीण होतो. तिथला स्कोअर आर्केडच्या स्कोअरशेजारी ठेवताही येत नाही.

इनपुट लॅगची गोष्ट निराळी. इथे गेम पूर्ण वेगात चालतो. बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम दिसेपर्यंतचा वेळ तेवढा वाढलेला असतो. तो साखळीत साठत जातो: पॅड, कन्सोल, गेमचा स्वतःचा हिशेब, चित्र रांगेत ठेवणारा बफर आणि शेवटी टीव्ही. बरेचदा सगळ्यात मोठा वाटा टीव्हीचाच असतो, कारण चित्र देखणं करण्यासाठी तो ते थोडा वेळ धरून ठेवतो. टीव्हीच्या सेटिंगमधला गेम मोड लावला की यातलं बरंचसं काम बंद होतं.

आकड्यात मांडलं तर याची धार कळते. एकूण 100 मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे 6 फ्रेम. गोळी फ्रेमला 3 पिक्सेल सरकत असेल, तर तुमची हालचाल दिसेपर्यंत ती 18 पिक्सेल पुढे आलेली असते. या खेळांत विमानाचा हिटबॉक्स, म्हणजे गोळी लागली की मरण येतं तेवढा भाग, असतो जेमतेम काही पिक्सेलचा. थांबतानाही तेच: स्टिक सोडली तरी विमान पुढे घसरल्यासारखं वाटतं, कारण थांबणंही उशिरा दिसतं.

ओळखायचं कसं? स्टेजच्या सुरुवातीला, स्क्रीन मोकळी असताना, विमान डावी-उजवीकडे हलक्या टिचक्यांनी हलवा. तिथेही हात आणि विमान यांत अंतर जाणवलं तर तो इनपुट लॅग. गर्दीतच आणि सगळंच एकत्र मंदावलं तर स्लोडाउन. फसवणारी तिसरी गोष्टही आहे. ‘दोदोनपाची’सारख्या गेममध्ये फायर बटण दाबून धरलं की लेझर सुरू होतो आणि विमान मुद्दाम हळू केलं जातं, बारीक फटींतून नेता यावं म्हणून. गोळ्या नेहमीच्या वेगात आणि फक्त विमान हळू असेल, तर आधी बोट बटणावर आहे का ते पाहा.

दोन्ही एकत्र आले की हिशेब गमतीदार होतो. गेम निम्म्या वेगावर आला, तर गेमच्या आतला 3 फ्रेमचा उशीर 50 ऐवजी 100 मिलिसेकंदांचा होतो. टीव्हीचा उशीर मात्र मिलिसेकंदांत तेवढाच राहतो, म्हणजे गेमच्या पावलांत मोजला तर निम्मा. म्हणून खराब टीव्हीवर मरण बहुधा बॉसच्या घनदाट जाळीत येत नाही, ते येतं मधल्या वेगवान टप्प्यात, जिथे लहानसं शत्रुविमान सरळ नेम धरून एकच गोळी सोडतं.

आणि रिप्ले, म्हणजे गेमने नोंदवलेला आपलाच खेळ, पाहून स्वतःला दोष देण्याआधी एवढं लक्षात घ्या. रिप्लेत कोणत्या फ्रेमला कोणतं बटण दाबलं गेलं हे साठवलेलं असतं. त्यामुळे गेमने पाडलेला स्लोडाउन तिथे पुन्हा दिसतो, पण टीव्हीने खाल्लेला वेळ दिसत नाही. दिसतं एवढंच की गोळी समोर होती आणि तुम्ही उशिरा वळलात. तुमच्या डोळ्यांपर्यंत ती गोळी पोहोचलीच उशिरा, हे रिप्लेत कुठेच नोंदलेलं नसतं.