वजन उतरवायचंय, मग मटण की चिकन? दुकानात मागण्याआधी हे वाचा

"डाएट सुरू केलंय, मटण बंद. बोनलेस चिकन द्या." आमच्या दुकानात हे वाक्य रोज कानावर येतं. मागणाऱ्याला आम्ही बोनलेस देतोच. पण त्यातले बरेच जण थोड्याच दिवसांत त्या कोरड्या तुकड्यांना कंटाळतात, पुन्हा रविवारच्या रश्श्यावर येतात आणि काहीतरी चूक करतोय अशा मनाने जेवतात. आमच्या गिऱ्हाइकांवर ती वेळ येऊ नये, म्हणून हे पत्रक काढलं आहे.

आमचं म्हणणं थोडक्यात असं: वजन कमी करताना रोजच्याला चिकन आणि मासे बरे, हे खरं. पण त्यासाठी मटण पार सोडायची गरज बहुतेकांना नसते. मटण कोणत्या भागाचं घेतलं, चरबी किती राहू दिली आणि पातेल्यात त्याच्यासोबत काय पडलं, यावर हिशेब जास्त फिरतो.

बोकड, मेंढी आणि कोंबडी

लाल मांसात बोकड, मेंढी, डुक्कर, गाय-म्हैस सगळे येतात. कोंबडी आणि मासे येत नाहीत. मोबाइलवर लाल मांसाविषयी जे वाचायला मिळतं ते बहुतेक बीफ, पोर्क आणि मेंढीच्या कोकराबद्दल लिहिलेलं असतं. कॅलरी मोजायच्या ॲपमध्येही 'मटण' टाकलं की पुष्कळदा मेंढीचेच आकडे येतात, आणि ते पाहून माणूस घाबरतो.

बोकडाची चरबी मुख्यतः पोटात, गुर्द्यांभोवती आणि मांसाच्या वरच्या थरात साठते. मांसाच्या धाग्यांमध्ये ती कमीच शिरते, त्यामुळे सुरीने बरीचशी काढता येते. नीट साफ केलेल्या, हाडाविना १०० ग्रॅम कच्च्या बोकडाच्या मांसात साधारण ११० ते १२० कॅलरी, २० ग्रॅम प्रोटीन आणि २-३ ग्रॅम चरबी असते. कातडी काढलेल्या चिकन ब्रेस्टचे आकडेही जवळपास असेच: ११५-१२० कॅलरी, २२-२३ ग्रॅम प्रोटीन, २-३ ग्रॅम चरबी. हे आकडे शेजारी ठेवले की अनेकांना आश्चर्य वाटतं.

फरक पडतो तो साफ न केलेल्या मटणात. एक ग्रॅम चरबी म्हणजे ९ कॅलरी. १०० ग्रॅम मटणावर १० ग्रॅम चरबी जास्तीची राहिली, तर त्याच्या कॅलरी जवळजवळ पावणेदोनपट होतात. ही चरबी संपृक्त प्रकारची, कोलेस्टेरॉल वाढवणारी असते, त्यामुळे वजनाचा विषय बाजूला ठेवला तरी ती काढलेलीच बरी.

मेंढीचं गणित वेगळं आहे. वाडेबोल्हाईच्या देवीला मानणाऱ्या घरांत बोकड चालत नाही, तिथे बोल्हाईचं, म्हणजे मेंढीचंच मटण लागतं. मेंढीची चरबी मांसात मिसळलेली असते आणि ती सगळी काढता येत नाही. त्या घरांनी मांडीचा भाग घ्यावा, पंगतीला वाढताना तुकडे कमी ठेवावेत आणि रस्सा कसा हाताळायचा ते पुढे लिहिलंय, ते जरूर करावं.

रविवारचं पातेलं

आता चार माणसांच्या घरातला रविवार घेऊ. एक किलो मटण, करी कट. त्यात पाव ते एक तृतीयांश हाड जातं, म्हणजे खायला ७०० ग्रॅमच्या आसपास मांस. चरबी काढून घेतलं असेल तर माणशी १७५ ग्रॅम कच्चं मांस, त्याच्या साधारण २१० कॅलरी आणि ३५ ग्रॅम प्रोटीन. इथपर्यंत सगळं उत्तम.

आता वाटण. सुकं खोबरं ६० ग्रॅम धरा, त्याच्या ४०० कॅलरी. फोडणीला आणि वाटण परतायला मिळून अर्धी वाटी तेल, त्याच्या सव्वासहाशेच्या आसपास. दोन्ही मिळून हजाराच्या वर जातात. चौघांत वाटले तर माणशी अडीचशे. म्हणजे मांसापेक्षा वाटण आणि तर्री जड! त्यावर प्रत्येकी ६० ग्रॅम पिठाच्या दोन बाजरीच्या भाकऱ्या, म्हणजे चारशेच्या वर. शेवटी इंद्रायणीचा भात आणि त्यावर रस्सा, तो वेगळाच. अशा ताटात मटणाचा वाटा पाव हिस्साही भरत नाही, आणि बंद मात्र मटण होतं.

त्याच पातेल्यात चिकन ब्रेस्ट टाकलं तर काय होईल? वाटण तेच, तेल तेच, भाकऱ्या त्याच. काटा हलणार नाही. डाएट करूनही वजन उतरत नाही म्हणणाऱ्यांनी आधी तेलाची वाटी मोजावी, असं आम्ही मनापासून सांगतो.

यावरचा उपाय आपल्याच स्वयंपाकात आहे: आळणी. हळद, मीठ, आलं-लसूण लावून, नावापुरतं तेल घालून, भरपूर पाण्यात मटण शिजवायचं. चवीला कोथिंबीर आणि मिरी. एक वाटी आळणी आधी पिऊन मग जेवायला बसलं की दुसरी भाकरी आपोआप मागे पडते. प्रोटीननेही पोट लवकर भरतं आणि बराच वेळ भरलेलं राहतं. वजन उतरवताना अंगातलं मांस झडू नये, चरबी झडावी, यासाठीही ताटात प्रोटीन पुरेसं असावं लागतं.

झणझणीत रस्साच हवा असेल तर तो आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी झाकण उघडलं की वर घट्ट, लालसर-पांढुरका थर जमलेला दिसेल. चमच्याने उचलला की तुकड्यातुकड्यांनी निघतो. मटणाची सुटलेली चरबी आणि वरचं तेल, दोन्ही त्यात गोळा झालेलं असतं. तो काढून रस्सा गरम करा. मसाल्याची चव खाली रश्श्यात उतरलेली असते, ती कुठे जात नाही. मुरलेला रस्सा बऱ्याच घरांत उलट जास्त आवडतो.

काउंटरवर काय सांगायचं

नुसतं "चांगलं द्या" म्हटलं की कापणारा चवीचं चांगलं देतो, म्हणजे चरबी-हाडासकट मिसळून. त्याची चूक नाही, रश्श्याला तेच लागतं. वजनासाठी घेताय तर तसं सांगा. "मांडीचं द्या, वरची चरबी पूर्ण काढा" एवढं पुरे. मांडी सर्वांत कमी चरबीची. खांदाही चालतो, पण त्यात पडदे आणि चरबीचे पदर असतात, ते साफ करून घ्यावे लागतात. सीना (छाती) आणि चाप (बरगड्या) चवीला राजे, पण चरबीचे भाग. ते सणावाराला ठेवा.

आम्ही मांडी साफ करतो तेव्हा वरचा पांढरा थर आणि मधली पिवळसर गाठ दोन्ही काढतो. गाठ आत, स्नायूंच्या मधोमध लपलेली असते आणि घरी ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. वजन चरबी काढल्यावरच करतो. त्यामुळे साफ केलेल्या मटणाचा दर किलोमागे जास्त दिसतो, पण पैसे तुम्ही फक्त मांसाचे देता.

खिमा नेहमी मांडीचा तुकडा निवडून, समोर करून घ्या. आधी करून ठेवलेल्या खिम्यात चरबी किती मिसळली ते डोळ्यांना कळत नाही, आणि शिजल्यावर काढताही येत नाही. मांडीच्या खिम्यात मटार घालून थोड्या तेलात केलं तर रात्रीच्या जेवणाला यासारखं सोपं काही नाही.

नळी हवीच असेल तर खा, पण आतला मगज जवळपास निव्वळ चरबी आहे हे ठाऊक असू द्या. पायाचं सूप प्रोटीनसाठी म्हणून बरेच जण नेतात. त्यात जिलेटिन नावाचं प्रोटीन असतं, पण त्यात शरीराला लागणारी सगळी अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीनचे घटक, नसतात. हिवाळ्यात आवडीने प्या, पण जेवणातल्या प्रोटीनच्या जागी ते धरू नका.

चिकनमध्येही फसगत होते

कातडी काढलेली कोंबडीची मांडी १०० ग्रॅमला साधारण १२० कॅलरी. तीच कातडीसकट २१० ते २२०. जवळजवळ दुप्पट! तंदूरसाठी तंगडी नेताना कातडी काढायलाच सांगा. दही-मसाला मांसातही छान मुरतो, फक्त सुरीने चिरा खोल मारून घ्या.

सगळ्यांनी ब्रेस्टच घ्यावं असं आम्हाला वाटत नाही. कातडी नसलेल्या मांडीत चरबी थोडीच जास्त असते आणि ती शिजल्यावर मऊ राहते. चव टिकली की माणूस टिकतो. ब्रेस्ट घेतलं तर जाड तुकडा आडवा चिरून पातळ करा, दही, लिंबू, आलं-लसूण लावून अर्धा तास ठेवा आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी आतपर्यंत शिजेल इतकंच भाजा. त्यापुढे गॅसवर ठेवलं की ते चामट होतं आणि मग लोक चिकनला नावं ठेवतात.

गावरान कोंबडीत चरबी नसते हा समज पक्का आहे, पण तो खरा नाही. अंड्यावरून उतरलेल्या जुन्या कोंबडीच्या पोटात आणि कातडीखाली पिवळीधमक चरबी निघते. ती काढून मागा.

सॉसेज, सलामी, नगेट्स यांच्या पाकिटावर चिकन लिहिलेलं असलं तरी त्यांना डाएटचं समजू नका. मीठ आणि चरबी भरपूर असते.

मासे

पुणेकरांचा मासा लांबून येतो, तरी निवड भरपूर आहे. कटला, रोहू, उजनीची चिलापी, कोळंबी यांत चरबी फार कमी. बांगड्यात चरबी जास्त, पण ती ओमेगा-३ची, हृदयाला चांगली, म्हणून आठवड्यातून एक-दोनदा बांगडा आवर्जून खावा. पावसाळ्यात समुद्रातली मासेमारी बंद असते तेव्हा भिगवणकडची गोड्या पाण्यातली मासळी घ्या. रवा लावून तेलात सोडला की कोणताही मासा हलका राहत नाही. तव्यावर एक चमचा तेलात भाजा किंवा कालवण करा, आणि नारळाचं दूध घालायचं तर हात राखून.

मटण ठेवण्याची कारणं, आणि मर्यादा

मटणात लोह चिकन ब्रेस्टच्या कितीतरी पट असतं, आणि ते शरीरात चांगलं शोषलं जातं. सोबतच्या भाकरीतलं आणि पालेभाजीतलं लोहही मांसामुळे जास्त लागू पडतं. बी-१२ आणि झिंक आहेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. वजन कमी करायला निघालेल्या आणि आधीच हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईने मटण एकदम बंद करावं, हे आम्हाला पटत नाही.

पण रोजचं मटणही नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं आणि लाल मांस 'संभाव्य' गटात ठेवलं. त्या लाल मांसात बोकडही येतो. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडाचा सल्ला आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅम, यापुढे जाऊ नये असा आहे. शिजल्यावर मांसाचं वजन पाव हिश्श्याने कमी होतं. वरच्या हिशेबात रविवारी माणशी शिजलेलं १३० ग्रॅमच्या आसपास पडलं. म्हणजे आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा खाणारा या मर्यादेच्या बराच आत आहे. आखाडात मात्र रोज पिशवी नेणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

श्रावणात आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार पाळणाऱ्या घरांत प्रोटीन खाली येतं. त्या दिवशी मटकीची उसळ, पिठलं, ताक-दही, पनीर किंवा सोयाबीन ताटात असू द्या.

डॉक्टरांना विचारून घ्या

किडनीचा आजार असेल तर मटण असो वा चिकन, प्रोटीन किती घ्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. यूरिक ॲसिड वाढलेल्यांनी कलेजी, गुर्दे आणि मटणाचं सूप टाळावं. कलेजीत चरबी कमी आणि लोह भरपूर, पण 'अ' जीवनसत्त्व इतकं जास्त असतं की गरोदर बाईने ती खाऊ नये. हृदयविकार किंवा कोलेस्टेरॉलची औषधं चालू असलेल्यांनी मटण किती आणि किती वेळा, ते विचारावं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी भाकरी-भात एकदम कमी केला तर साखर घसरू शकते, तेव्हा बदल डॉक्टरांना सांगूनच करा.

ऑर्डरबद्दल

साफ केलेली मांडी आणि कातडीविना चिकन आम्ही पाव-पाव किलोच्या पाकिटांत बांधून देतो, म्हणजे फ्रीझरमधून एका जेवणापुरतंच बाहेर काढता येतं. त्याचे वेगळे पैसे नाहीत. मांडीचा खिमा आणि चरबी काढलेलं मटण रविवारी हवं असेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत सांगून ठेवा. रविवारी सकाळच्या गर्दीत हात घाईत चालतात आणि मधली ती गाठ राहून जाण्याची शक्यता असते. राहिलीच, तर पिशवी उघडून दाखवा, समोर काढून पुन्हा वजन करून देऊ.