वायुयामिकीतील डॉक्टरेट संशोधन

हवा, पाणी यांसारख्या वाहत्या पदार्थांच्या गतीतला एखादा नेमका प्रश्न घेऊन, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली काही वर्षे प्रयोग किंवा गणित करून प्रबंध सादर करणे, असे वायुयामिकीतील (वाहत्या हवेच्या अभ्यासातील) डॉक्टरेट संशोधनाचे सर्वसाधारण रूप आहे. वायुयामिकी आणि द्रायुयामिकी (द्रव व वायू यांच्या गतीचा अभ्यास) या विषयांतले कितीतरी पायाभूत निष्कर्ष विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून पुढे आले आहेत. याचे कारण विषयाच्या घडणीतच आहे. प्रवाहाची नाव्ह्ये-स्टोक्स समीकरणे एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहेत, पण ती सर्वसाधारणपणे सोडवता येत नाहीत. त्यामुळे एक छोटा प्रवाह, एक उपकरण किंवा एक सुलभीकरण निवडून त्याच्या मागे वर्षानुवर्षे लागावे लागते, आणि तेवढा सलग वेळ बहुधा संशोधक विद्यार्थ्यालाच मिळतो.

या परंपरेची सुरुवात जर्मनीतील गटिंगेन येथे झाली, असे म्हणायला हरकत नाही. लुडविग प्रांटल यांनी 1904 मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत एक छोटा निबंध वाचला. वस्तूच्या पृष्ठभागालगतच्या अगदी पातळ थरातच घर्षणाचा प्रभाव महत्त्वाचा ठरतो आणि त्याबाहेरचा प्रवाह घर्षणरहित मानता येतो, हा त्याचा गाभा. हा थर म्हणजे सीमास्तर. त्याच वर्षी प्रांटल गटिंगेनला आले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही कल्पना एकेका प्रबंधातून तपासायला घेतली. हाइनरिख ब्लाझिउस यांनी 1907 च्या प्रबंधात सपाट पट्टीवरच्या सीमास्तराचे गणित सोडवले. पट्टीवरील स्थानिक घर्षण-गुणांक (त्या जागीचे घर्षण किती, हे सांगणारी संख्या) म्हणजे 0.664 भागिले रेनल्ड्स अंकाचे (प्रवाहातील जडत्व आणि चिकटपणा यांचे प्रमाण दाखवणाऱ्या संख्येचे) वर्गमूळ, हे त्यांचे उत्तर आजही वर्गात शिकवले जाते.

प्रयोग बिघडला म्हणून शोध लागला, याचे उत्तम उदाहरणही गटिंगेनचेच. कार्ल हीमेन्त्स हा विद्यार्थी पाण्याच्या पाटात उभा दंडगोल ठेवून त्याच्या भोवतीचा दाब मोजत होता. प्रवाह काही केल्या स्थिर होईना, मागचे पाणी डावीउजवीकडे झुलत राही. दंडगोल नीट गोल नसेल म्हणून त्याने तो पुन्हा घासून घेतला, मग पाट सममित नसेल म्हणून पाट दुरुस्त केला, तरी झुलणे थांबले नाही. तेव्हा प्रांटल यांचे सहायक असलेले थिओडोर फोन कार्मान रोज सकाळी त्याच्याकडे चौकशी करत आणि उत्तर रोज तेच मिळे. शेवटी कार्मान यांनी तो प्रश्न गणितात मांडला. समोरासमोरच्या भोवऱ्यांच्या दोन रांगा टिकूच शकत नाहीत. भोवरे एकाआड एक असले आणि रांगांमधले अंतर एका रांगेतील लागोपाठच्या भोवऱ्यांमधल्या अंतराच्या सुमारे 0.28 पट असले, तरच ती रचना तग धरते. हीमेन्त्सचा प्रवाह मुळात झुलणाराच होता. वाऱ्यात घुमणाऱ्या तारा आणि हलणारी उंच धुराडी यांचा विचार अभियंते याच निष्कर्षाच्या आधारे करतात.

याच गटिंगेनमध्ये कोल्हापूर परिसरातून गेलेले विष्णु माधव घाटगे यांनी प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली 1936 मध्ये डॉक्टरेट मिळवली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1942 मध्ये वैमानिकी विभाग सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या अध्यापकांत ते होते. पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी एचटी-2 हे प्रशिक्षण विमान घडवले; ते 1951 मध्ये उडाले. मराठी वाचकांना घाटगे यांचे नाव आहे त्याहून कितीतरी अधिक परिचित असायला हवे.

दुसरा धागा अमेरिकेतून आला. कार्मान 1930 मध्ये कॅलटेक या कॅलिफोर्नियातील तंत्रविज्ञान संस्थेच्या वैमानिकी प्रयोगशाळेचे प्रमुख झाले आणि 1939 मध्ये हान्स लीपमान तिथे दाखल झाले. लीपमान यांच्याकडे सतीश धवन यांनी 1951 मध्ये प्रबंध पूर्ण केला. विषय होता पृष्ठघर्षणाचे, म्हणजे पृष्ठभागावरून वाहणाऱ्या हवेच्या घर्षणाचे थेट मोजमाप. तोवर घर्षण बहुतांशी अप्रत्यक्ष काढले जाई : सीमास्तरातला वेग मोजायचा आणि त्यावरून हिशेब करायचा. धवन यांनी पट्टीचा एक लहानसा तुकडा बाकीच्या पृष्ठभागापासून सुटा केला, लवचीक आधारावर तोलला आणि हवेच्या ओढीने तो किती सरकतो हे विद्युत उपकरणाने टिपले. मोजायचे बल सुमारे 1 ते 100 मिलिग्रॅम इतकेच. तुकडा आजूबाजूच्या पृष्ठभागाशी तंतोतंत समपातळीत नसेल, किंचित जरी वर आला, तरी त्याच्या कडेवर हवेचा दाब पडतो आणि घर्षणाचा आकडा बिघडतो. असे उपकरण जुळवणे हाच प्रबंधाचा मोठा भाग असतो. छापील पानांवरून त्या मेहनतीची कल्पना येत नाही. कमी वेगाच्या स्तरीय (थराथराने शांत वाहणाऱ्या) प्रवाहात त्यांचे आकडे ब्लाझिउस यांच्या उत्तराशी उत्तम जुळले. त्यानंतरच त्यांनी ध्वनिवेगाजवळची आणि त्यापलीकडची मोजमापे हाती घेतली.

धवन 1951 मध्ये बंगळूरला आले. मिळेल त्या साहित्यातून त्यांनी स्वनातीत (ध्वनीपेक्षा अधिक वेगाच्या हवेचे) वातबोगदे, म्हणजे वस्तूवर हवा सोडून तपासण्याचे बोगदे उभारले आणि विद्यार्थी घडवले. त्यांपैकी रोद्दम नरसिंह यांनी स्तरीय प्रवाह संक्षुब्ध (अस्ताव्यस्त, भोवऱ्यांनी भरलेला) कसा होतो, हा प्रश्न घेतला. हे संक्रमण एकदम होत नाही. सीमास्तरात संक्षोभाचे ठिपके उमटतात, वाहत जाताना पसरतात आणि एकमेकांत मिसळतात. हे ठिपके हॉवर्ड एमन्स यांनी 1951 मध्ये दाखवले होते. एखाद्या जागी किती वेळ संक्षोभ असतो हे तप्त तारेने कळते. काही मायक्रॉन जाडीची ही तार विजेने तापवलेली असते आणि अंगावरून जाणाऱ्या हवेचा वेग बदलला की तिच्यातून मिळणारा विद्युत संकेत लगेच बदलतो. ठिपके पृष्ठभागावर कुठेही उमटतात असे न मानता ते सगळे जवळजवळ एकाच रेषेवर उमटतात असे मानले, तर मोजमापे एकाच वक्रावर बसतात, हे नरसिंह यांनी 1957 मध्ये दाखवले. पुढच्या वर्षी धवन यांच्यासह त्यांचा विस्तृत निबंध आला. नरसिंह मग लीपमान यांच्याकडेच गेले आणि 1961 मध्ये डॉक्टर होऊन बंगळूरला परतले.

आज भारतात भारतीय विज्ञान संस्था, तसेच मुंबई, कानपूर, मद्रास आदी आयआयटी येथे हे संशोधन चालते. प्रवेश बहुधा गेट परीक्षा व मुलाखत यांतून होतो. बरेच विद्यार्थी आता संगणकी अनुकरणाकडे वळतात, पण त्याचीही मर्यादा कठोर आहे. संक्षुब्ध प्रवाहातला लहानात लहान भोवराही पकडायचा, तर लागणारे जाळीबिंदू (ज्या बिंदूंवर संगणक प्रवाह काढतो ते) रेनल्ड्स अंकाच्या साधारण सव्वादोनाव्या घाताने वाढतात : रेनल्ड्स अंक दहापट झाला की बिंदू सुमारे 180 पट. संपूर्ण विमानाभोवतीचा प्रवाह अशा पद्धतीने काढणे आजच्या महासंगणकांनाही झेपत नाही. म्हणून वातबोगदा, तप्त तार आणि प्रवाहात सोडलेले सूक्ष्म कण लेसरच्या उजेडात टिपण्याची पद्धत ही साधने प्रबंधांत अजूनही नित्य वापरात आहेत.