सात की साठ? आमच्या ‘बोलक्या वही’चे कान

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवरून तुम्ही फोनवर सांगता, “सुरमई सात किलो,” आणि आमची ‘बोलकी वही’ ते ऐकून तुमच्या हिशेबात आपोआप उतरवते. कधीतरी मात्र सातचे साठ होतात, आणि मग तुमचा दुसरा फोन येतो, जरा चढ्या आवाजात. हे पत्रक त्या साठांबद्दल.

साध्या फोनवरचा आवाज आमच्याकडे सेकंदाला ८,००० आकड्यांच्या रूपात येतो. ते जसेच्या तसे उपयोगाचे नसतात. त्यांतून आवाजाच्या खुणा काढाव्या लागतात. जुनी रीत ठरलेल्या सूत्राची: २५ मिलिसेकंदांचा एकेक तुकडा घ्यायचा, त्यातून १३ आकडे काढायचे, ते कसे बदलतात याचे आणखी २६. झाले ३९.

ताजी मासळी ओळखायला नवख्याला आपण सांगतो, कल्ला लाल बघ, डोळा बघ. पण विकण्यात केस पिकलेली मावशी असले नियम आठवत बसत नाही. हजारो पाट्या हाताखालून गेल्यावर नजर कुठे टाकायची ते तिचं तिला कळलेलं असतं. न्यूरल नेटवर्कचं, म्हणजे आकडे थराथरांतून पुढे पाठवत उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रामचं, तसंच. तासन्‌तास बोलणं ऐकवून ‘त’ कुठला, ‘ठ’ कुठला हे त्याला ओळखायला लावतात. त्या खटपटीत ज्या खुणा ते स्वतः शोधतं, त्याच पुढे शब्द ओळखणाऱ्या यंत्राला देतात. आवाज ओळखण्याच्या तंत्राचे संशोधक हिनेक हर्मान्स्की आणि सहकाऱ्यांनी २००० साली ही वाट दाखवली. नंतर नेटवर्कचा मधला एक थर मुद्दाम अरुंद ठेवायची युक्ती आली. तिथून मोजकेच आकडे पलीकडे जातात, त्यामुळे कचरा बराचसा अलीकडेच अडतो.

नेटवर्क आजूबाजूचे तुकडेही बघतं, आणि ‘ठ’साठी ते लागतंच. आधी क्षणभर शांतता, मग जीभ सुटते, मग हवेचा झोत. एवढं सगळं एका तुकड्यात मावत नाही. शेजारी ट्रॉलरचं इंजिन धडधडत असलं की नेमकी ती शांतता भरून जाते आणि झोत बुडतो. मग यंत्र अंदाजावर येतं.

आणखी एक कबुली. आमच्या नेटवर्कचं शिक्षण बहुतेक देशावरच्या मराठीत झालंय. मालवणीतलं “खंय” आलं की ते अडखळतं. म्हणून तुमचं बोलणं शिकवणीसाठी वापरू का, असं आम्ही विचारतो. नको असेल तर खुशाल नाही म्हणा, सेवा चालूच राहील.

तोवर आकडा सांगताना इंजिनाकडे पाठ करा, आणि “साठ, सहावर शून्य” असं म्हणा. बाजूचे हसतील, हसू देत.