सुपरहिरोपटाचा उत्तरभाग

सुपरहिरोपटाचा उत्तरभाग : अलौकिक सामर्थ्य लाभलेल्या किंवा मुखवट्याआड राहून अन्यायाशी झुंजणाऱ्या नायकाची कथा एका चित्रपटात सांगून झाल्यावर, तोच नायक व तीच कथासृष्टी पुढे नेणारा चित्रपट. बोलण्यात त्याला ‘सीक्वेल’ किंवा नुसते ‘पार्ट टू’ म्हणतात. तीच कथा नव्या नटसंचात मुळापासून पुन्हा सांगणारे चित्रपट या संज्ञेत मोडत नाहीत. या नोंदीत या प्रकाराची बलस्थाने व उणिवा यांचा विचार कोकण किनाऱ्यावरील दशावतारी नाटकाच्या संदर्भात केला आहे. कारण ओळखीच्या नायकाचे नवे आख्यान रात्रभर बसून पाहण्याची सवय येथील प्रेक्षकाला चित्रपटाच्या पुष्कळ आधीपासून आहे.

पहिला उत्तरभाग कोणता, याचे उत्तर व्याख्येवर अवलंबून राहते. मुखवटा आणि दुहेरी ओळख एवढे पुरेसे मानले, तर १९२० च्या ‘द मार्क ऑफ झोरो’नंतर आलेला ‘डॉन क्यू, सन ऑफ झोरो’ (१९२५) हा मान घेतो. त्यात डग्लस फेअरबँक्स यांनी बाप आणि मुलगा अशा दोन्ही भूमिका केल्या. नायक चित्रकथांच्या पानांतूनच आलेला असावा असा आग्रह धरला, तर कोलंबिया कंपनीच्या १५-१५ प्रकरणांच्या मालिकापटांकडे वळावे लागते. त्यांपैकी ‘बॅटमॅन’ (१९४३) आणि ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ (१९४९) यांत नट बदलले आहेत. ‘सुपरमॅन’ (१९४८) आणि ‘ॲटम मॅन व्हर्सेस सुपरमॅन’ (१९५०) या जोडीत मात्र कर्क ॲलिन हाच नायक असल्याने तिचा दावा अधिक सबळ वाटतो. केवळ पूर्ण लांबीचे चित्रपट विचारात घेणारे अभ्यासक ‘सुपरमॅन टू’पासून (१९८०) आरंभ करतात.

भारतातील आरंभाविषयीही असेच मतभेद संभवतात. दादासाहेब फाळके यांच्या ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) या चित्रपटांत बालकृष्णाची भूमिका त्यांची कन्या मंदाकिनी हिनेच केली असल्याने दुसरा पहिल्याचा उत्तरभाग ठरवण्याचा मोह होतो. तथापि पुराणातील लीला एकामागून एक दाखवणे आणि आधीच्या चित्रपटातील घटनांचे परिणाम पुढच्यात भोगायला लावणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या दृष्टीने ‘हंटरवाली’ (१९३५) आणि ‘हंटरवाली की बेटी’ (१९४३) ही साहसपटांची नायिका नादिया हिची जोडी आजच्या अर्थाला अधिक जवळची आहे.

चित्रपटाच्या बाहेर पाहायचे तर संस्कृत नाटककार भवभूतीला टाळता येत नाही. त्याचा काळ सामान्यतः इसवी सनाच्या आठव्या शतकाचा पूर्वार्ध धरतात. ‘महावीरचरित’ रामाच्या राज्याभिषेकापर्यंत येते आणि ‘उत्तररामचरित’ तेथून पुढे चालते. या दुसऱ्या नाटकाच्या पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहतात. हे चित्रदर्शन म्हणजे निव्वळ उजळणी नव्हे. ती चित्रे पाहता पाहता गर्भवती सीतेला पुन्हा वनात आणि गंगेकाठी जाण्याची इच्छा होते आणि तेच पुढे तिच्या त्यागाचे निमित्त बनते. ‘स्पायडर-मॅन टू’च्या (२००४) श्रेयनामावलीत ॲलेक्स रॉस यांनी रंगवलेल्या चित्रांतून पहिल्या भागाची कथा आठवून दिली आहे. युक्ती तीच आहे. फरक एवढाच, की तेथे चित्रे आठवण करून देऊन थांबतात, भवभूतीकडे ती कथेला धक्का देतात.

बलस्थाने : उत्तरभागाची सर्वांत मोठी सोय ही, की नायकाला सामर्थ्य कसे मिळाले हे सांगण्यात वेळ जात नाही आणि त्या सामर्थ्याची किंमत काय, या प्रश्नाला पहिल्या दृश्यापासून हात घालता येतो. सॅम रायमी यांच्या ‘स्पायडर-मॅन टू’मध्ये नायक पिझ्झा वेळेवर पोहोचवू न शकल्याने नोकरी गमावतो, अभ्यासात मागे पडतो आणि मनाच्या ओढाताणीत त्याची शक्तीच आटू लागते. त्यातील आगगाडीचा प्रसंग बारकाईने पाहण्याजोगा आहे. सुसाट सुटलेली गाडी दोन्ही बाजूंच्या इमारतींना जाळी चिकटवून तो अंगाच्या बळावर थोपवतो आणि शुद्ध हरपून पुढे कोसळतो. तोच डब्यातले हात त्याला सावरतात आणि डोक्यांवरून हातोहात आत नेऊन खाली निजवतात. मुखवटा उतरलेला असतो. हा तर कोवळा पोर आहे, हे सर्वांना दिसते. दोन मुले मुखवटा परत आणून देतात. ज्यांना वाचवले त्यांनीच वाचवणाऱ्याला उचलून धरण्याचा हा प्रसंग पहिल्या भागात इतका खोल उतरला नसता, कारण त्यासाठी नायकाशी जुनी ओळख लागते. या चित्रपटाला दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले. पण प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे खरे बळ या निजवलेल्या देहात आहे.

क्रिस्टोफर नोलन यांच्या ‘द डार्क नाइट’मध्ये (२००८) हे बळ खलनायकाकडे वळते. दोन फेरीबोटी, एकीत नागरिक, दुसरीत कैदी. दोन्हींवर स्फोटके आणि प्रत्येकीच्या हाती दुसरीची कळ, असा तो पेच आहे. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने रोजची खाडी ओलांडणाऱ्याला समोरासमोरच्या दोन बोटींमधील पाण्याचे अंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नायक येथे दूर आहे. निर्णय सामान्य माणसांना घ्यायचा आहे. हा पेच रचणाऱ्या जोकरच्या भूमिकेसाठी हीथ लेजर यांना मरणोत्तर ऑस्कर मिळाले.

उणिवा : पहिली उणीव संख्येची. एका खलनायकाने काम भागले म्हणून पुढच्या वेळी तीन आणले जातात. ‘स्पायडर-मॅन थ्री’मध्ये (२००७) सँडमॅन, व्हेनम आणि सूडाने पेटलेला मित्र अशी गर्दी होऊन मुलीच्या आजारपणासाठी चोरी करणाऱ्या सँडमॅनची करुण कथा मधेच सुटते. दुसरी उणीव पुढच्या चित्रपटाची सोय लावण्याची. ‘आयर्न मॅन टू’मधील (२०१०) बराच भाग २०१२ च्या ‘द अ‍ॅव्हेंजर्स’साठी पात्रे मांडण्यात जातो. तिसरी, आणि सर्वांत घातक, परिणाम पुसून टाकण्याची. ‘सुपरमॅन टू’मध्ये नायक प्रेमासाठी सामर्थ्य सोडतो, अपमान सोसतो आणि शेवटी एका चुंबनाने नायिकेची सगळी आठवण नाहीशी करतो, त्यामुळे तिने सोसलेले सारे तिच्यापुरते घडलेच नाही असे होते. या चित्रपटाचा बराच भाग रिचर्ड डॉनर यांनी चित्रित केला होता. त्यांना दूर केल्यावर रिचर्ड लेस्टर यांनी तो पुरा केला. डॉनर यांची आवृत्ती २००६ मध्ये प्रकाशात आली. तिच्यातही काळ मागे फिरवून परिणाम पुसलेलेच आहेत, म्हणून दोष केवळ दिग्दर्शक बदलल्याचा मानता येत नाही.

हिंदीत ‘कोई... मिल गया’ (२००३) या परग्रहवासीयाच्या कथेतून ‘क्रिश’ (२००६) निघाला आणि हृतिक रोशन यांनी फेअरबँक्सप्रमाणेच बाप आणि मुलगा दोन्ही रंगवले. मराठीत ‘बाजी’ (२०१५) सोडल्यास सांगण्याजोगे फार थोडे आहे.

कोकणातील संदर्भ : सिंधुदुर्गातील जत्रांत होणाऱ्या दशावतारात आधी आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानापूर्वीचा भाग, होतो. त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येऊन जातात आणि काळ्या वेषातला संकासुर मालवणीत भटजीची फिरकी घेतो. मग पायपेटी, पखवाज आणि झांजेच्या साथीने आख्यान उभे राहते. देव जिंकणार हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असते. तरीही पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत माणसे उठत नाहीत. कारण लक्ष असते ते राक्षसपार्टी (राक्षसाची भूमिका करणारा नट) आज राजपार्टीला (राजाची भूमिका करणाऱ्याला) कोणत्या शब्दांत अडवतो याकडे. निकाल ठरलेला असताना रस कशात असतो, हा सुपरहिरोपटाचाही प्रश्न आहे.

अलीकडच्या ‘ट्रिकसीन’च्या प्रयोगांत धूर, प्रकाश आणि यांत्रिक करामती आल्या. निरनिराळ्या कंपन्यांतील गाजलेले नट एकत्र आणणारे ‘संयुक्त दशावतार’ही होतात, त्यांना गर्दी लोटते, परंतु प्रत्येक नटाला त्याचा प्रवेश देता देता आख्यान लांबते, हा धोका तेथेही असतोच. अनेक नायकांना एकत्र आणणाऱ्या चित्रपटांशी असलेले हे साम्य उसनवारीतून आले असे मानण्याचे कारण नाही. लोकप्रिय नटांची मागणी दोन्हीकडे तेच घडवते.

एक भेद मात्र मूलगामी आहे. दशावताराची संहिता परंपरेने लिहिलेली नसते. रंगपटात (नट रंगून तयार होतात त्या जागी) कथानक ठरते आणि संवाद रंगमंचावरील बाकड्यापुढे उभे राहून जागच्या जागी बोलले जातात. त्यामुळे काल फसलेला प्रवेश आज दुसऱ्या गावी सुधारता येतो. चित्रपटाच्या उत्तरभागाला ती दुसरी रात्र मिळत नाही. आधीच्या भागाची चूक त्याला कथेच्या आतूनच निस्तरावी लागते.