बुसानमधील निर्वासित वस्त्या

दक्षिण कोरियातील दुसऱ्या क्रमांकाच्या या बंदर शहरात कोरियन युद्धाच्या काळात (१९५०–५३) आश्रयाला आलेल्या लोकांनी वसवलेल्या वस्त्या. युद्धात उत्तरेच्या फौजा बुसानपर्यंत पोहोचू शकल्या नाहीत. त्यामुळे सरकारने तात्पुरती राजधानी इथे हलवली आणि देशभरातून माणसे येत राहिली. दोन-तीन वर्षांत लोकसंख्या जवळपास दुप्पट झाली. सपाट जमीन आधीच कमी, म्हणून नवे आलेले लोक डोंगर चढले. हेउंदेची पुळण आणि चागालछीचा मासळीबाजार पाहून परतणाऱ्यांना हे बुसान भेटत नाही. खरे तर शहर समजून घ्यायचे तर सुरुवात इथूनच करावी.

यांतली सर्वांत विलक्षण वस्ती म्हणजे अमी-दोंगमधील बिसॉक माउल, म्हणजे स्मृतिशिलांचे गाव. जपानी राजवटीत या उतारावर जपानी रहिवाशांची दफनभूमी होती. १९४५ मध्ये जपानी लोक घाईने मायदेशी परतले आणि थडगी बेवारस पडली. कोरियन थडगे म्हणजे मातीचा गोल उंचवटा. जपानी थडग्यांना मात्र चौकोनी दगडी कठडा असे. निर्वासितांना बांधलेले जोतेच मिळाल्यासारखे झाले. त्यांनी त्यावर तंबू ठोकले, फळ्या आणि पत्रे उभे केले, पुढे पक्क्या भिंती घातल्या. कोरलेल्या शिला पायऱ्यांना, पायाला, बांधाला वापरल्या. आजही बोळातून चालताना एखाद्या भिंतीच्या तळाशी, गॅसच्या सिलिंडरखाली दगडावरची जपानी अक्षरे वाचता येतात. एका ठिकाणी तर थडग्याचा कठडा जसाच्या तसा दिसतो आणि त्यावर घर उभे आहे.

याला विटंबना म्हणणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे ठरेल. डोक्यावर छप्पर नसलेल्यांपुढे दुसरा मार्ग नव्हता, आणि मृतांची जाणीव त्यांनी सोडली नाही. सणाला आपल्या पूर्वजांचे पान मांडताना घराखालच्या अनोळखी मृतासाठीही अन्न ठेवण्याची रीत इथल्या कुटुंबांनी पाळली. २०२२ मध्ये या निर्वासित घरांना बुसान शहराच्या नोंदणीकृत वारशात स्थान मिळाले. वस्तीतल्या सांस्कृतिक केंद्रात छायाचित्रकार छ्वे मिन-शिक (१९२८–२०१३) यांचे दालन आहे. बुसानच्या कष्टकऱ्यांचे चेहरे त्यांनी आयुष्यभर टिपले; ते न चुकता पाहावे.

बंदराच्या दुसऱ्या अंगाला उआम-दोंगमधील सोमाक माउल आहे. जपानला धाडायच्या गुरांची तपासणी होईपर्यंत त्यांना इथल्या गोठ्यांत ठेवत. युद्धात त्याच गोठ्यांत आडभिंती घालून खोल्या केल्या गेल्या. जतन केलेल्या इमारतीच्या आढ्यावर गुरांसाठी ठेवलेले हवेचे उंच झरोके अजून ओळखू येतात. याच भागात, उत्तरेतील हुंगनामहून आलेल्या एका कुटुंबाच्या खाणावळीत मिलम्यॉन हा गव्हाच्या गार शेवयांचा पदार्थ जन्माला आला असे सांगतात. गावाकडे गार शेवया बकव्हीट किंवा स्टार्चच्या होत. इथे मदत म्हणून आलेला गव्हाचा मैदा मुबलक, तोच वापरला गेला. आज हा पदार्थ शहराची ओळख आहे.

योंगदो बेटावरची हुइन्यॉउल ही कड्यावरची पांढऱ्या घरांची वस्तीही निर्वासितांचीच. आता तिथे कॅफे वाढले आहेत. बेटाला जोडणारा १९३४ चा उचलता पूल ताटातूट झालेल्यांची भेटीची जागा होता. १९६६ मध्ये तो उचलणे थांबले, २०१३ पासून पुन्हा सुरू झाले. बोसू-दोंगची जुन्या पुस्तकांची गल्लीही याच काळातली.

अमी-दोंगला जाण्यासाठी मेट्रोच्या पहिल्या मार्गावरील थोसॉंग स्थानकावर उतरून छोटी वस्ती-बस घ्यावी. बहुतेक पर्यटक त्याच बसने पुढे रंगीत घरांच्या कामछॉनला जातात. बोळ अरुंद आहेत, दारे थेट वाटेवर उघडतात आणि राहणारे बरेचसे वृद्ध आहेत. घरात डोकावून फोटो काढू नयेत.